पाण्याच्या दिवशी

सोलापूर, १७ मार्च २०२५

दादा,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, नुसता पत्ता टाकलाय. नाव वाचलं तर उदय पाकीट न फोडता परत धाडील, असं येडूमामा म्हणाले. तुझा कुर्डुवाडीचा पत्ता त्यांनीच दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाले, "तेवढं मागू नगंस." म्हणून हे पत्र. मी रेश्मा, तुझी बहीण.

तू घर सोडलंस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझं अक्षर तुला माहीत असायचं कारण नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, दिवाळीनंतर आबा गेले. प्रत्येक वेळी तुला निरोप गेला आणि तू आला नाहीस. त्याबद्दल मी काही विचारणार नाही. विचारायचं ते वेगळंच आहे.

आबांच्या मागे आईला सांगोल्याच्या त्या मळ्यात एकटं ठेवणं बरं दिसेना, म्हणून इथं घेऊन आलो. विजापूर रोडच्या आत आमचं दोन खोल्यांचं घर आहे, पुढं थोडं अंगण, अंगणात जमिनीतला हौद. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर असते. हे, म्हणजे अनिलकुमार, औषधांच्या एजन्सीत आहेत. इंद्रायणी पहिलीत आहे.

आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही भर दुपारी. पाण्याच्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेते. नळातून आधी हवा येते, मग गढूळ पाणी, मग धार लागते. धार हौदाच्या तळाला आपटायला लागली की थोड्या वेळानं कुणीतरी आतून ठोकतं.

खरंच ठोकतं, दादा. झाकणाला खालून, बोटांच्या सांध्यांनी. मध्ये थांबून ऐकतं, मग पुन्हा ठोकतं.

पहिल्यांदा जानेवारीत ऐकलं. झाकण उघडलं तर आत पाणी आणि माझं तोंड. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. यांनी रविवारी सगळा हौद उपसला, आत उतरून कोपरे चाचपले. काही नाही. शेजारच्या कस्तुराबाई म्हणाल्या, "ह्या जाग्यावर आदी इहीर हुती की. बुजवून घरं बांदल्यात." त्यांनी नारळ फोडला, लिंबू ठेवलं. त्यानंतर ठोकण्याबरोबर रडणंही यायला लागलं. लहान मुलीचं.

यांना ऐकू येत नाही. इंद्रायणीला येत नाही. आई तर दुपारी हौदाच्या झाकणावरच बसलेली असते. गार लागतं म्हणते. मांडीवर ताट घेऊन जोंधळे निवडते. एकदा मी ओरडले, "आई उठ, आतून कोण ठोकतंय बघ." ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "कोन न्हाय. पानी हाय त्ये."

आणि आणखी एक. धार लागल्यावर पुढचं मला कधीकधी आठवत नाही. भानावर येते तेव्हा नळ बंद झालेला असतो आणि मी भलतीकडेच असते. एकदा स्वयंपाकाच्या ओट्यावर उभी होते, गाऊन गुडघ्यांच्या वर धरून. भिजू नये म्हणून धरतात तसा. ओटा कोरडा होता.

मला एवढंच सांग. आपल्याला आणखी एक भावंड होतं का? माझ्या आगंमागं एखादी मुलगी? आई नाही म्हणते. ती खोटं बोलत असेल तर तुला माहीत असणार.

इंद्रायणी सध्या अक्कलकोटला तिच्या आत्याकडे आहे. परीक्षा जवळ आलीय, पण असू दे. मजेत आहे.

रेश्मा


सोलापूर, ५ एप्रिल

दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते ठेवलंस. एवढ्यावर पुढचं लिहिते.

इंद्रायणीबद्दल मी खोटं लिहिलं होतं. ती मजा करायला गेलेली नाही. तिला माझ्यापासून नेलंय.

फेब्रुवारीच्या शेवटी एका पाण्याच्या दिवशी ती शाळेतून आली, जेवली, आणि धार लागली. पुढचं मला लोकांनी सांगितलेलं आहे. मी तिला उचलून गच्चीवर नेलं. जिन्याचं दार वरून कडी लावून बंद केलं. गच्चीवर काळी टाकी आहे, तिच्या कट्ट्यावर चढून उभी राहिले. कस्तुराबाई खालून बघत होत्या. त्या म्हणतात, मी पोरीला डोक्याच्या वर धरलं होतं, पुरात लेकरू धरावं तसं. तोंडानं एकच चाललं होतं, "आलं, आलं, गळ्यापतुर आलं." माझे हात भरून आले की तिला खाली कट्ट्यावर टेकवायचे आणि पुन्हा वर उचलायचे. कट्टा तापून तवा झाला होता आणि तिच्या पायांत चप्पल नव्हती.

हे शेजारच्या गच्चीवरून उडी मारून आले. इंद्रायणीच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. त्याच संध्याकाळी यांनी तिला अक्कलकोटला पोचवलं. माझ्याशी भांडले नाहीत. फक्त म्हणाले, "रेश्मा, तू बरी हो. तोवर मी तिला इथं ठेवू शकत नाही." त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

फिट येतात की काय म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय करायला पाठवलं. त्या नळकांड्यात आडवं झोपवतात, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी लावतात आणि मशीन सुरू होतं. कुणी आधी सांगितलं नव्हतं की ते मशीन ठोकतं. बाहेरून, चहूबाजूंनी. मला वाटलं, शेवटी मीच हौदात आले आणि ती बाहेर आहे. त्यापुढचं मला आठवत नाही. बाहेर काढलं तेव्हा मशीनवरची मुलगी भेदरलेली होती. म्हणाली, "ताई, तुम्ही आतून ठोकत होता. तीन वेळा थांबवून विचारलं. हाका मारल्या तर उत्तर नाही, मशीन थांबलं तरी नुसतं ठोकणं." माझ्या उजव्या हाताचे सांधे सोलले होते. दुसऱ्या दिवशी झोपेचं औषध देऊन फोटो काढले.

ते फोटो घेऊन आता ज्यांच्याकडे जाते त्या अनसूया मॅडम, मनाच्या डॉक्टर. साठीच्या आहेत, हळू बोलतात. त्यांनी फोटो उजेडाला धरले आणि म्हणाल्या, "गाठ नाही, रक्तस्राव नाही. फिटचाही पुरावा नाही."

"मग आवाज कुठून येतो?"

"इथूनच," त्या म्हणाल्या आणि फोटोत डोक्याच्या मधोमध बोट ठेवलं. "इथं बदामाएवढा एक भाग असतो. धोका आला की पहिला तोच ओरडतो. त्याला लागून आठवणी जागच्या जागी लावणारा भाग आहे. ही गोष्ट कधीची, कुठली, संपली की चालू आहे, हे तो सांगतो. लहानपणी जी मुलं फार दिवस भीतीत राहतात त्यांचा बदाम फार तिखट होतो, आणि आठवणी लावणारा भाग काही जणांत थोडा बारीक राहिलेला दिसतो. मग भीती साठते, पण तिच्यावर तारीख पडत नाही. तारीख नसलेली आठवण कधीही येते आणि आली की आत्ता घडतेय असंच वाटतं."

मी विचारलं, "माझा बारीक आहे का?"

"एकट्या माणसाच्या फोटोवरून तसं सांगता येत नाही. शेकडो माणसं तपासून जे कळतं ते सरासरीचं असतं. तुमचं बालपण मला या फोटोत दिसणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. तुमची मुलगी सहा वर्षांची ना? तुम्ही तेवढ्या असताना काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"हे तुम्ही फार पटकन म्हणालात."

पण मला खरंच काही आठवत नाही, दादा. तिसरीच्या वर्गापासूनचं आठवतं. त्याच्या आधी नुसतं पांढरं. मळ्यातलं घर कसं होतं विचारलं तर दारं-खिडक्या सांगता येतात. हौद होता का, विचारलं तर सांगता येत नाही.

होता का?

रेश्मा


सोलापूर, २३ एप्रिल

दादा,

काल जेवणाच्या सुट्टीत वॉचमन म्हणाला, गेटवर कोणी उदयसिंह आलेत. मी बाहेर आले. तुझे केस पांढरे झालेत. मी तुला ओळखलं नाही, तुझ्या उभं राहण्याला ओळखलं. दाराकडं तोंड करून, भिंतीला पाठ न लावता. मीही कुठंही गेले की तशीच उभी राहते.

घरी चल म्हटलं तर तू म्हणालास, "ती हाय तितं. म्या न्हाय येत." मग निंबाखाली उभा राहून सगळं सांगितलंस आणि चहाही न घेता गेलास. ते सगळं मी आता लिहून काढते. मॅडम म्हणाल्या, लिहा, नाहीतर पुन्हा निसटेल. चुकलं असेल तिथं दुरुस्त कर.

तू सांगितलंस ते असं. दोन हजार तीनचा उन्हाळा. बोअर आटलेली, डाळिंबं वाळून गेलेली, आठवड्याला एक टँकर. घरामागं सिमेंटचा हौद, बहुतेक दिवस कोरडा. मी कळशी उचलून आणताना सांडली. आबांनी मला दंडाला धरून शिडीवरून हौदात उतरवलं, शिडी वर ओढली आणि झाकण टाकलं. पाणी सांडणारीनं पाण्याशिवाय राहायचं, म्हणाले.

"एकदा?" मी विचारलं.

तू चपलेनं माती उकरत होतास. म्हणालास, "एकदा न्हवं, रेशे. उन्हाळाभर. कळशी पयल्यांदा हुती. मागनं कारान लागत न्हवतं."

मग तो दिवस. तू शेळ्या घेऊन माघारी आलास. टँकर लागलेला. कोपऱ्यातल्या बारक्या भोकातून पाइप आत सोडलेला, धार चालू. आबा ड्रायव्हरबरोबर बाभळीखाली चहा पीत होते. आई हौदाच्या झाकणावर बसून जोंधळे निवडत होती. तू विचारलंस, रेशी कुठाय? आईनं तुझ्याकडे पाहिलं आणि निवडत राहिली. आणि तुला तिच्या खालून ठोकलेलं ऐकू आलं.

"म्या तिला म्हनलं, आय, ऊट. ती उटंना. ढकललं, तरी उटंना. बगत हुती नुसती माज्याकडं. मग म्या पळत जाऊन टँकरचा कॉक फिरवला आन् बोंब ठोकली. डायवरनं आयला धरून बाजूला केलं. तू गळ्याएवड्या पान्यात हुतीस, हनवटी वर करून. रडत न्हवतीस. नुसती ठोकत हुतीस. वर काडल्यावर बी हात थांबंना तुजा."

आबा ड्रायव्हरला म्हणाले, खेळताना पडली. ड्रायव्हरनं आईला विचारलं. आई म्हणाली, "व्हय, पडली."

"आबा जनावर हुता," तू म्हणालास. "त्येच्याकडनं म्या कायच धरलं न्हवतं. पर ती आई हुती की गं."

त्यानंतर तीन वर्षं तू माझ्यासाठी थांबलास, हे मला काल कळलं. एकाआड एक रात्री जागा राहायचास, शाळा बुडवायचास, हौदाची शिडी तोडून चुलीत घातलीस. आबा थकले, मला शाळेच्या वसतिगृहात घातलं, मग तू गेलास. मला वाटायचं तू मला टाकून गेलास.

मी शेवटी विचारलं, "आत आणखी कोण होतं?"

"कोन न्हवतं. तू एकलीच हुतीस."

तू गेल्यावर मी मशीनवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत काज करत होते आणि एकही काज वाकडं गेलं नाही. बाजूची बाई म्हणाली, आज हात चांगला बसलाय. मला मात्र हात माझे वाटत नव्हते. घरी येताना बसमध्ये कळलं ते असं, की चार महिने मी झाकणाच्या वर उभी राहून जिला ऐकत होते ती कुणी मेलेली मुलगी नव्हती. याचं आधी बरं वाटलं. मग वाटलं, मेलेली असती तर निदान गप्प तरी झाली असती.

घरी आले तर आई अंगणात बसलेली. झाकणावर.

मी तिच्या पुढून गेले. आत जाऊन दार लावून घेतलं.

रेश्मा


सोलापूर, ११ मे

दादा,

येडूमामांच्या हाती निरोप आला, की मी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. बरं झालं. यांनी ते पत्र टाकण्याआधी वाचलं होतं. वाचून बराच वेळ बाहेर जाऊन बसले आणि आल्यावर हौदाच्या झाकणावर दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या. आता तिथं कुणाला बसता येत नाही. आईनं विचारलं नाही. ती उंबऱ्यात बसायला लागली.

मी आईला विचारलं. मॅडम म्हणाल्या होत्या, वकिलासारखं विचारू नका. पण मला दुसरं जमलं नाही. "आई, मी हौदात असताना तू झाकणावर बसली होतीस का?"

"तसलं काय झालंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "उदयनं कान भरलं तुजं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उठून मोरीत गेली. मग मी सोडून दिलं. तिच्याशी बोलणंच सोडलं म्हण. ताट वाढायची, उचलायची.

परवा ती भाकरी थापत होती. मी पाठमोरी, कपड्यांच्या घड्या घालत होते. परातीवर हात थापता थापता ती आपणहून बोलायला लागली. आवाज नेहमीचाच, जोंधळ्याचा भाव सांगावा तसा.

"झाकनावर त्यो जात्याची तळी ठिवायचा. वजनी. आत वारं जायचं न्हाय. म्या म्हनलं, तळी कशाला, म्याच बसते की. म्हनला, बस. म्या बसायची आन् फटीत खुरपं सारायची. तेवडं वारं जायचं. उनाळाभर म्या बसले."

मी घडी घालायची थांबले. पाठ तिच्याकडेच ठेवली.

"आणि टँकर आला तेव्हा?"

बराच वेळ नुसतं थापणं ऐकू आलं. भाकरी फाटली असावी, तिनं पीठ पुन्हा गोळा केलं.

"त्येला ध्यान न्हवतं तू आत हायीस म्हून. इसरला त्यो. मला ध्यान हुतं. म्या उटाय गेले. पाय उटंनात. हात निवडायचं थांबंनात. उदय आला, बोलत हुता, त्येचं त्वांड हालत हुतं, आवाजच न्हाय. लई लांबनं बगावं तसं दिसत हुतं समदं. दुसऱ्याच कुनाच्या घरचं असावं तसं." मग म्हणाली, "मला आदीपसनं हुतंय त्ये. माज्या बापाच्या घरी बी हुयाचं. बापाची चप्पल वाजली की म्या ऱ्हायाचे न्हाय तितं. आंग तेवडं ऱ्हायाचं."

मी वळून पाहिलं. तव्यावर भाकरी करपत होती आणि ती तिच्याकडे बघत होती. दिसत नव्हती तिला.

दादा, मी त्या दिवशी तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली. याला क्षमा म्हणतात का, मला माहीत नाही. मला भूक लागली होती.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पळता येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा काही माणसांचा मेंदू तिसरं करतो. माणसाला तिथून काढून घेतो. तुम्हाला गच्चीवर झालं ते तेच. तुमच्या आईला घेऊन या." मी म्हटलं, "मला तिला माफ करायला सांगू नका." त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे. माफीचं माझ्याकडे काही औषध नाही."

तुला एकच विचारायचंय. फटीत खुरपं होतं का? तू ढकललंस तेव्हा दिसलं होतं का? तिची बाजू घ्यायची म्हणून विचारत नाही. मला माहीत असायला हवं म्हणून.

रेश्मा


सोलापूर, ३० मे

दादा,

"खुरपं आठवत न्हाय," एवढाच निरोप आला. होतं असंही नाही, नव्हतं असंही नाही. मी तेवढंच धरून चालते. तू तेरा वर्षांचा होतास आणि तुला तिथं दुसरं काही बघायचं होतं.

आज काय झालं ते सांगते आणि मग एक मागणं मागते.

इंद्रायणीला यांनी रविवारी घरी आणलं, काही दिवस बघू म्हणून. फोड केव्हाच भरलेत. आल्या आल्या ती माझ्याकडे आली नाही. दारात उभी राहून माझं तोंड वाचत होती. मी किती "इथं" आहे ते ती बघत होती, दादा. सहा वर्षांचं पोर. मी तिला म्हटलं, "इंदू, आईला मधेच एक स्वप्न पडायचं, जागेपणी. त्यात तुला लागलं. चूक तुझी नव्हती. आता डॉक्टर ते स्वप्न कमी करतायत." ती म्हणाली, "परत पडलं तर?" मी म्हटलं, "तर तू बाबांना हाक मारायची. मला धरायला तू यायचं नाही. ते तुझं काम नाही." मग ती आत आली.

आज पाणी होतं. यांनी सुट्टी घेतली. मॅडमनी शिकवलंय तसं मी अनवाणी अंगणात उभी राहिले, हातात ओलं फडकं घेतलं आणि धार लागल्याबरोबर मोठ्यानं म्हणायला लागले, "आज तीस मे दोन हजार पंचवीस. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. हे माझं घर आहे. इंद्रायणी पायरीवर बसलीय, तिच्या अंगात पिवळा फ्रॉक आहे." कस्तुराबाई भिंतीवरून बघत होत्या, बघू देत.

ठोकणं आलं. खोटं सांगत नाही, आलंच. कुंड्यांच्या खालून, थांबून थांबून. माझे पाय गार पडले, नजरेच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. पण मी तारीख म्हणत राहिले. हौद भरला, यांनी नळ बंद केला, आणि मी होते तिथंच होते. ओल्या फडक्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी नळ बंद होताना पाहिला.

तेवढ्यात इंद्रायणी म्हणाली, "आई, आजी बघ."

आई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर ताट नव्हतं. समोर काही नव्हतं. तिचे हात निवडत होते. खडा उचलायचा, बाजूला टाकायचा, दाणे पुढं सारायचे, हवेतच. डोळे उघडे होते आणि त्यांत कोणी नव्हतं. यांनी हाक मारली, मी मारली. हात थांबेनात.

मला तिला हात लावावासा वाटला नाही, दादा. हे तुलाच सांगते. माझ्या मनात आलं, राहू दे हिला तिथंच. मग इंद्रायणीकडे लक्ष गेलं. ती माझं तोंड वाचत होती.

मी जाऊन आईसमोर बसले आणि तिचे पाय धरले. मे महिन्याच्या दुपारी बर्फ धरावा तसे लागले. चोळत राहिले. तिला तारीख सांगितली, गावाचं नाव सांगितलं, आबा गेले म्हणून सांगितलं. खूप वेळानं हात हळू झाले. तिनं मान माझ्याकडे वळवली. बाजारात अनोळखी बाईला विचारावं तसं तिनं मला विचारलं,

"पोर वर आली का?"

मी म्हणाले, "आली, आई. केव्हाच आली. दादानं काढली."

"तुमी कोन सांगनार," ती म्हणाली. "उदय कुटाय? त्येला इचारा. त्येनं बगितलंय."

मग तिचे हात पुन्हा निवडायला लागले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर ती माघारी आली आणि कुणाचं जेवण व्हायचंय म्हणून विचारलं. मधलं तिला काही आठवत नव्हतं.

मागच्या पाण्याच्या दिवसांना मीच माझ्या जागी नसायचे, तेव्हा ती कुठं असायची, कुणी पाहिलं? आज यांनी सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा तिला असं पुटपुटताना ऐकलं होतं. त्यांना वाटलं, इंद्रायणी वर गच्चीवर गेली का, असं विचारते.

दादा, तिला माफ कर असं मी म्हणत नाही. या घरात ये असंही म्हणत नाही. पण बावीस वर्षं झाली, ती बाई अजून त्या झाकणावर बसलीय आणि खाली धार चालू आहे. मी वर आले हे तिला माझ्या तोंडून पटत नाही. तुझ्याच तोंडून पटेल.

माझा नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. फोन तू कर, मी तिच्या कानाला लावीन. तुला तिच्याशी बोलायला नको. "रेशी वर आली" एवढंच म्हण आणि ठेव.

पुढचं पाणी मंगळवारी आहे. दुपारी.

रेशी